सावली सरकते, पियानो सरकत नाही

गेल्या अंकात मी ओघात लिहून गेले की उघड्यावरच्या मैफलीसाठी पियानो सुरात लावणं हे माझ्या धंद्यातलं सगळ्यात नावडतं काम आहे. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. कोणी रागावलंय, कोणी माझी बाजू घेतलीय, एकाने तर “मग घरात बसा” असंही सुचवलंय. बहुतेकांना मात्र एकच विचारायचंय: पियानो बाहेर न्यायचाच असेल तर त्याला ऊन लागू नये म्हणून काय करायचं? ज्यांचे प्रश्न एकमेकांत मिसळत होते त्यांची पत्रं मी एकत्र केली आहेत.

ताई, मी तबला वाजवतो. उन्हात पुडी चढते हे आमचं रोजचं. माझा एक मित्र पियानो वाजवतो, तो म्हणतो उन्हात त्याचा पियानो उतरला. ऊन तेच, मग एक वाद्य चढतं आणि दुसरं उतरतं ते कसं?

तुमच्या प्रश्नाच्या उत्तरात अर्धा विषय येतो, म्हणून तुमचं पत्र पहिलं घेतलं.

पुडीला ऊन लागलं की कातड्यातला ओलावा उडतो, कातडं आक्रसतं, ताण वाढतो आणि सूर चढतो. पियानोची तार पोलादी. तिच्यात वाळण्यासारखं काही नाही. पोलाद तापलं की वाढतं, आणि दोन्ही टोकांना बांधलेली तार वाढली की सैल पडते. मित्राचं म्हणणं बरोबर आहे.

किती सैल पडते, यावर मात्र लोकांचा विश्वास बसत नाही, म्हणून हिशेबच मांडते. सोयीसाठी एक मीटर लांबीची तार घ्या. सुरात आणेपर्यंत, तार गुंडाळलेली असते ती पिन पिळून, ती साधारण चार मिलिमीटर ताणलेली असते. ही तार १० अंशांनी तापली की ०.१२ मिलिमीटर वाढते. तुम्ही म्हणाल, एवढ्याने काय होतंय! पण सगळा ताण उभा आहे तो त्या चार मिलिमीटरांवर. चारातले ०.१२ गेले म्हणजे ताणाचे तीन टक्के गेले. सूर ताणाच्या वर्गमुळाने हलतो, म्हणजे कंपनसंख्या दीडेक टक्का खाली येते. शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये अंतरच सहा टक्क्यांचं असतं. पाव पट्टी गेली! एवढा उतरलेला सूर ओळखायला संगीत शिकलेलं असावं लागत नाही.

आता यातली मेख. हा हिशेब एकटी तार तापली तरचा आहे. पियानोच्या तारा ताणलेल्या असतात त्या बिडाच्या प्लेटवर, म्हणजे आतल्या ओतीव लोखंडी चौकटीवर. प्लेटही तेवढीच तापली तर तीही जवळपास तेवढीच वाढते आणि तारेची सैल बरीचशी भरून निघते. म्हणून सकाळपासून ३५ अंशांच्या गडद सावलीत मुरलेला पियानो मी बिनधास्त लावते. हवा २४ अंशांची छान गार, पण पियानोच्या अर्ध्या अंगावर ऊन, असं असेल तर मी सूर लावायची चावी पेटीतून काढतसुद्धा नाही. कारण मिलिमीटरभर जाडीची तार उन्हात काही मिनिटांत तापते आणि कॉन्सर्ट ग्रँडची, म्हणजे मैफलीच्या मोठ्या आडव्या पियानोची, शंभर-दीडशे किलोंची प्लेट तापायला तास घेते. मधल्या वेळात दोघींचं जमत नाही. शिवाय ऊन सगळ्या तारांवर सारखं पडत नाही. ते तिरपा पट्टा आखतं. पट्ट्यातल्या तारा उतरतात, बाहेरच्या जागच्या जागी राहतात, आणि मग पियानो स्वतःशीच बेसूर होतो. सगळाच्या सगळा सारखा उतरला असता तर निदान एकट्याने वाजवताना चालून गेलं असतं.

प्लेटचा विषय निघालाच आहे तर सांगते, सुरुवातीच्या पियानोंना ती नव्हतीच, चौकट लाकडी असायची. बॉस्टनच्या आल्फियस बॅबकॉक यांनी १८२५ मध्ये अखंड ओतीव लोखंडी चौकटीचं पेटंट घेतलं आणि पुढे तारांचा ताण वाढत वाढत आजच्या १८ ते २० टनांवर गेला. सुमारे २३० तारा, २० टन ताण. उन्हात उभ्या असलेल्या पियानोकडे बघताना मला आधी हा आकडा आठवतो.

लाकडाचं घड्याळ वेगळं चालतं. साउंडबोर्ड, म्हणजे तारांचा आवाज मोठा करणारी फळी, स्प्रूस नावाच्या लाकडाचा असतो आणि मध्ये किंचित फुगीर केलेला असतो. हवा दमट झाली की तो फुगतो, ब्रिजला (तारा टेकतात त्या लाकडी पट्टीला) वर रेटतो, सूर चढतो. हवा कोरडी झाली की बसतो, सूर उतरतो. हे व्हायला दिवस लागतात. एका दुपारच्या मैफलीत लाकूड फारसं हलत नाही. आठवडाभराच्या महोत्सवात मात्र हलतं, आणि त्या वेळी ट्यूनरला रोज बोलवावं लागतं. त्यात काटकसर करू नका.

आमच्या मंडळाची मैफल मोकळ्या मैदानावर, दुपारी साडेचारला आहे. मंचावर मांडव असेल. पियानोला तेवढी सावली पुरे ना?

मांडव सकाळी घालणार ना? मग नाही पुरणार. असंच एकदा माझं हसं झालंय, ते सांगते.

वेळ हीच, साडेचारची. मी अकराला पोचले, मांडव घालून झाला होता, वर पांढरं कापड, खाली छान सावली. दीड-दोन तास लावून मी समाधानाने उठले. मंचाचं तोंड पश्चिमेला होतं, पण अकरा वाजता सूर्य पाठीमागे होता, त्यामुळे मला ते सुचलंच नाही. ग्रँडचं झाकण कसं उघडतं ते आठवा: बिजागरी वादकाच्या डाव्या हाताला, तोंड उजवीकडे, म्हणजे श्रोत्यांकडे. साडेचारला झाकण उघडलं आणि सूर्य मांडवाच्या झालरीखालून आत आला. श्रोत्यांसाठी उघडलेलं दार त्याच्यासाठीही उघडंच होतं. मधल्या सप्तकापासून वरच्या तारांवर पिवळा पट्टा पडला. डावीकडच्या खर्जाच्या तारा सावलीत.

पहिली रचना निभावली. तिसऱ्या रचनेपर्यंत डाव्या-उजव्या हातांतली सप्तकं एकमेकांवर घासायला लागली होती. पहिल्या रांगेत बसून मला प्रत्येक ठोक्यातली लहर ऐकू येत होती. मध्यंतराला मी चावी घेऊन धावले आणि वरच्या तारांचा उतरलेला सूर चढवून पूर्वीच्या जागी नेऊन बसवला. ही दुसरी चूक, पहिलीपेक्षा मोठी. कारण उत्तरार्ध सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील, सूर्य समोरच्या झाडांमागे गेला, तारा निवल्या, आणि मी उन्हात चढवलेला सगळा भाग सावलीत आणखी चढला. कार्यक्रम संपल्यावर पियानो वाजवणाऱ्या बाई शांतपणे म्हणाल्या, “पूर्वार्धात खालून बेसूर होता, उत्तरार्धात वरून.” आणि पाण्याची बाटली उचलून निघून गेल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून मी आयोजकांना एकच काम सांगते. आदल्या दिवशी, मैफलीच्याच वेळी, पियानोच्या जागी जा. वाका, डोळे तारांच्या उंचीला आणा (जमिनीपासून साधारण दोन हात) आणि श्रोत्यांच्या दिशेने बघा. तिथून सूर्य दिसला तर उद्या तो तारांनाही दिसणार. मग पर्याय दोनच: मंच फिरवा, नाहीतर सूर्य येईल त्या बाजूला कनात लावा. कनातीमुळे बाजूच्या दोन रांगांना दिसणार नाही अशी कुरकुर होईल, होऊ दे. छप्पर शक्यतो दुहेरी, मध्ये वीतभर हवा खेळती. गडद रंगाचं एकेरी कापड अगदी डोक्यावर असलं की ते स्वतःच तापून खाली आग ओकतं.

किंवा वेळ बदला. फ्रान्समध्ये ला रॉक दांतेरों या गावी १९८१ पासून उन्हाळ्यात पियानोचा मोठा महोत्सव होतो, एका जुन्या वाड्याच्या बागेत, उंच झाडांच्या सोबतीने. तिथल्या मुख्य मैफली उघड्यावर होतात आणि त्या होतात रात्री. साडेचारचा आग्रह नेमका कोणाचा आहे, ते एकदा मंडळात विचारून बघा. बऱ्याचदा कोणाचाच नसतो, गेल्या वर्षी होता म्हणून असतो.

ताई, मैफल संध्याकाळी आहे पण पियानो सकाळीच येणार. दिवसभर ताडपत्रीत गच्च बांधून ठेवला तर चालेल का?

नको नको. उन्हातली ताडपत्री म्हणजे भट्टी. ३० अंशांची, ५० टक्के आर्द्रतेची हवा तिच्याखाली कोंडून ५० अंशांपर्यंत तापली तर त्याच हवेची आर्द्रता १७ टक्क्यांच्या आसपास येते. पियानोला ४० ते ५० टक्के मानवते. १७ टक्क्यांत दिवसभर म्हणजे लाकडाच्या वरच्या थराला ओव्हनमधून काढल्यासारखं आहे. आणि संध्याकाळी उलट: हवा गार झाली की प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाणी सुटतं आणि थेंब थेट झाकणावर.

पियानोची स्वतःची जाड, अस्तर घातलेली खोळ घाला. तिच्यावर पांढरी सुती चादर, तीही खोळीला चिकटवून न घालता दोन खुर्च्या किंवा माइकचे स्टँड उभे करून त्यावर छपरासारखी ताणलेली. मध्ये वारा फिरला पाहिजे. झाकण बंद. ताडपत्री घडी घालून जवळ ठेवा, पावसाचे चार थेंब आले तर पाच मिनिटांपुरती ओढायला.

त्याहून सोपं म्हणजे सकाळी पियानो आणूच नका. माझा नियम, सगळ्यात शेवटी आणायचा आणि सगळ्यात आधी न्यायचा. तो ट्रकमध्ये ठेवू म्हणाल तर ट्रकही सावलीत हवा. बंद ट्रक उन्हात उभा करून ड्रायव्हर जेवायला गेला की आत काय होतं ते मी दार उघडल्यावर चेहऱ्यावर घेतलेलं आहे.

काळ्या पॉलिशच्या ग्रँडवर तासभर ऊन होतं. झाकणावर हात ठेववत नव्हता. आता काही दिसत नाही, पण आत काही बिघडलं असेल का?

तासाभरात बहुधा नाही. पण कशाला घाबरायचं ते सांगते. पारंपरिक जोडणीत लाकडाला लाकूड सरसाने चिकटवलेलं असतं. सरस वापरताना आम्ही त्याचं भांडं ६० अंशांच्या आसपास ठेवतो, म्हणजे तो पातळ राहतो. कडक उन्हातलं काळं झाकण त्या आकड्याच्या जवळ सहज जातं. जो पदार्थ ६० अंशांना आपण पातळ करून वापरतो त्याच्याकडून त्याच तापमानाला घट्ट धरून ठेवण्याची अपेक्षा करायची, हे जरा अतीच. वाळलेला सरस पातळ व्हायला ओलावाही लागतो, म्हणून लगेच काही सुटत नाही. पण जुन्या पियानोत व्हिनिअरची (वर चिकटवलेल्या पातळ लाकडी थराची) कड उचललेली दिसली तर ती आधी सूर्याच्या बाजूची असते.

आजची काळी चकचकीत फिनिश सहसा पॉलिएस्टरची, ती दणकट असते. जुन्या नाजूक लॅकरवर मात्र तापलेल्या अवस्थेत खोळ दाबून बसली, दोरी आवळली गेली, तर कापडाची वीण उमटून राहते. झाकणावर तिरपी नजर टाकून बघा. वीण नाही, फोड नाही, कड उचललेली नाही, तर निवांत राहा. आणि पुढच्या चार-पाच दिवसांनी ट्यूनरला बोलवा, दुसऱ्या दिवशी नको. पियानोला स्थिरावू दे आधी.

आम्ही वाद्यवृंदात आहोत, मी क्लॅरिनेट वाजवते. उघड्यावर आमचे लोक पियानोला शिव्या घालतात आणि पियानोवाला आम्हाला. चूक कोणाची?

दोघांचीही नाही, तुम्ही दोघं विरुद्ध दिशेला निघालेले असता. फुंकवाद्यात सूर ठरतो तो आतल्या हवेतल्या ध्वनीच्या वेगावर. २० अंशांना तो सेकंदाला ३४३ मीटर, ३५ अंशांना ३५२. म्हणजे कागदावर जवळजवळ अर्धी पट्टी वर. तुमचा श्वास आधीच गरम असल्याने नळीतली हवा बाहेरच्या हवेइतकी बदलत नाही, म्हणून प्रत्यक्षात एवढं होत नाही, पण चढता हे नक्की. आणि तारांवर ऊन असेल तर पियानो त्याच वेळी खाली चाललेला असतो.

सुराचं आणि तापमानाचं हे भांडण जुनं आहे. सगळी वाद्यं जुळवतात तो ‘ए’ सूर फ्रान्सने १८५९ मध्ये कायद्याने ठरवला तो सेकंदाला ४३५ कंपनांचा, आणि सोबत तापमानही लिहिलं, १५ अंश. पुढे १८९६ मध्ये इंग्लंडात विचार झाला की आपली सभागृहं तर २० अंशांची, मग त्या तापमानाला तोच सूर काढून त्यांनी ४३९ धरला. ३५ अंशांच्या मैदानाचा विचार दोघांनीही केलेला दिसत नाही.

तुमच्यासाठी व्यवहार असा: पियानो मैफलीच्या स्थितीत लावलेला असू दे. त्याच जागी, तीच सावली, झाकण तेवढंच उघडं, मंचावरचे दिवे लावलेले. जुने हॅलोजन दिवे म्हणजे छोटे सूर्यच असतात, त्यांच्याखाली तारा उतरतात तशाच. एलईडीचा त्रास कमी. ट्यूनरला शेवटचा हात फिरवायला मैफलीआधी तास द्या, ध्वनी तपासणीतल्या “वन टू थ्री”शिवायचा तास. मग वाद्यवृंदाने पियानोवरून ‘ए’ घ्यायचा. तुम्ही तोंडाने, नळी जरा बाहेर ओढून, सूर खाली आणू शकता. पियानोवाल्याच्या हातात काही नसतं. जो हलू शकतो त्याने हलायचं.

वातानुकूलित सभागृहातला पियानो बाहेर अंगणात आणला आणि पाच मिनिटांत तारांवर, प्लेटवर पाणी! कापडाने पुसून काढलं. बरोबर केलं का?

पाणी पुसलंत ते ठीक, पण पुसताना तारांना बोटं लागली असतील तर आता तिथे गंजाचे ठिपके येतील. घामाने तार गंजते. पुढच्या वेळी हातमोजे घाला, नाहीतर नुसतं थांबा.

झालं ते असं: बाहेर ३२ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर २६ अंशांहून गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी सुटतं. तुमची प्लेट सभागृहात २२ अंशांना बसून आलेली. थंड पेल्याला बाहेरून घाम येतो तेच, फक्त पेला शंभर किलोंचा. उपाय एकच आहे आणि तो कंटाळवाणा आहे. खोळ घातलेलीच ठेवून, झाकण बंद ठेवून पियानो बाहेरच्या सावलीत दोन-तीन तास उभा करायचा. प्लेट बाहेरच्या हवेइतकी झाल्याशिवाय उघडायचा नाही. सभागृहाचं वातानुकूलन आदल्या रात्रीच बंद करता आलं तर अर्धं काम तिथेच होतं.

प्लेट किती तापलीय किंवा निवलीय हे बघायला मी तापमान मोजणारी इन्फ्रारेड बंदूक वापरते. स्वस्तातली चालते. ती प्लेटवर रोखा, प्लेटला रंग असतो, आकडा भरवशाचा येतो. तारेवर रोखू नका. चकचकीत पोलाद तिला चकवतं आणि ती भलताच आकडा दाखवते. तारेचं तापमान तार स्वतः सांगते, ट्यूनिंगच्या ॲपवर ‘ए’ वाजवून बघा.

रात्री मैफल संपल्यावर हीच गोष्ट पुन्हा होते, दव पडायला लागलं की. टाळ्या थांबल्या की आधी झाकण, मग हारतुरे.

घरचा उभा पियानो गच्चीवरच्या छोट्या कार्यक्रमासाठी वर न्यायचा आहे. भिंतीला पाठ लावून ठेवू ना?

भिंत दिवसभर उन्हात तापलेली असेल तर नको. उभ्या पियानोचा साउंडबोर्ड पाठीला असतो आणि पाठ बहुतेकदा उघडीच असते. लोक पुढचं पॉलिश जपतात आणि पाठ सूर्याला देतात. पाठ सावलीत, भिंतीपासून वीतभर पुढे. मागून पांढरी चादर सोडलीत तर उत्तम. आणि वर नेताना माणसं चार नकोत, सहा घ्या. तो माझा विषय नाही, पण पाठदुखीचा अनुभव आहे.

मंचावर पाण्याचे तुषार उडवणारे पंखे लावतो, पियानोलाही जरा गारवा मिळेल.

हा प्रश्न नव्हता, पत्रात कळवलेलं होतं. तरी उत्तर देते: कृपा करून नको! पियानोवर पाण्याचे तुषार कसलेच नकोत. पट्ट्यांखालचं आणि तारांवर आदळणाऱ्या हॅमरच्या सांध्यातलं कापड ओलावा पितं, फुगतं, आणि पट्टी दाबली की वर यायला आळस करते. नुसत्या गार हवेचा झोतही थेट तारांवर सोडू नका. तारा आकसतात, प्लेट तशीच राहते, आणि आपण पहिल्या प्रश्नावर परत येतो, या वेळी उलट्या दिशेने. पंखे श्रोत्यांना लावा.

इतका त्रास असेल तर डिजिटल पियानो का नाही? आणि कार्बन फायबरचा साउंडबोर्ड असलेले पियानो निघालेत म्हणे, त्यांना ऊन लागत नाही?

कार्बन फायबरचे साउंडबोर्ड निघालेत हे खरं, जर्मनीतल्या श्टाइनग्रेबर कंपनीचे आहेत. आर्द्रतेने ते फुगत-बसत नाहीत, हा मोठाच फायदा. पण तारा पोलादीच! सूर्याने त्यांचं काय होतं हे वर सविस्तर लिहिलंय. दमट हवेवर औषध आहे, उन्हावर नाही.

डिजिटलबद्दल माझं मत बदललं आहे. पूर्वी नाक मुरडायचे. आता भर दुपारच्या, सावलीची खात्री नसलेल्या कार्यक्रमासाठी मीच सुचवते, आणि त्यात माझी बिदागी बुडते हे लक्षात घ्या. तसंही मैदानावर आवाज स्पीकरमधूनच येणार. कित्येक मोठ्या मंचांवर जो देखणा ग्रँड दिसतो तो नुसता सांगाडा असतो आणि आत डिजिटल ठेवलेला असतो. यात फसवणूक वाटून घेऊ नका. तो सुरात असतो. फक्त डिजिटललाही मर्यादा आहे: माहितीपत्रकात बहुधा ५ ते ४० अंश लिहिलेलं असतं. उन्हात त्याचं काळं अंग ४० कधीच ओलांडतं, पडदा काळवंडतो आणि आवाज बदलायचं बटण नेमकं त्यातच असतं. सावली त्यालाही हवीच.

माझी मुलगी ११ वर्षांची आहे. उघड्यावर तिचं पहिलंच वादन आहे. पियानो आयोजकांचा, मांडवाचं मला काही ठरवता येणार नाही. मी निदान काय करू?

एक मोठा पांढरा सुती रुमाल घेऊन जा. तिची पाळी येईपर्यंत पट्ट्यांवरचं झाकण बंद ठेवायला सांगा. ते शक्य नसेल तर रुमाल पट्ट्यांवर पसरून ठेवा, कारण काळ्या पट्ट्या उन्हात अशा तापतात की मूल पहिल्याच सुरावर बोट मागे घेतं. ती बसायच्या आधी तुम्ही स्वतः एका काळ्या पट्टीवर बोट टेकवून बघा. स्टूलही बघा, काळ्या रेक्झिनचं असतं. फ्रॉकमधल्या पायांना चटका बसतो. त्यावर दुसरा रुमाल. नोटेशनची वही वाऱ्यात धरायला कपड्यांचे चिमटे चार, लाकडी. तिला सांगून ठेवा की पियानो जरा विचित्र वाजेल आणि तो तिचा दोष नाही. आणि तिची पाळी दुपारी तीनला लावली असेल तर आयोजकांकडे जाऊन सहानंतरची मागा. त्या वेळेला कोणीतरी उशिरा येणारच असतं, जागा रिकामी होते.